चेहरा की ऊब

॥ श्री ॥
कामोठे,
७ एप्रिल २०२५

गुरुजींना चंद्रावतीचा नमस्कार.

फोन केला असता, पण मागच्या वेळी मी "यांची तब्येत बरी नाही" म्हटलं आणि तुम्ही "अरे वा, छान छान" म्हणालात. तेव्हा तुमच्या कानांपेक्षा तुम्ही शिकवलेली अक्षरं बरी. लग्न होऊन शिरखारला आले तेव्हा मला सहीसुद्धा येत नव्हती. आमच्या पडवीत राहणाऱ्या शाळामास्तरांनी दुपारी भांडी घासून झाल्यावर माझ्या हातात पाटी दिली, हे मी विसरलेले नाही.

यांना मात्र आता सकाळचं दुपारी आठवत नाही. डॉक्टर म्हणतात विसरण्याचा आजार आहे, वाढतच जाणार. विसरले तर विसरू देत, आठवायला मी आहे. पण हे घरातून निघून जातात. गाव उठवलं, शिरखार मातीच्या भरावाखाली जाऊन सहा-सात वर्षं झाली, गावदेवीसुद्धा आम्ही वाजतगाजत इकडं आणली, आणि हे दाराबाहेर पडले की खाडीच्या बांधानं तिकडंच. मधे चिखल आणि तिवरांची झाडी. परवा, रामनवमीच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला गेले. आमचा दीपेश आणि शेजारचा प्रितेश बॅटऱ्या घेऊन हाका मारत होते, हे हाकेला ओ देत नाहीत. शेवटी तिवरांत सापडले, गुडघाभर चिखलात. कुठं निघालात विचारलं तर म्हणाले, "जातंय. येल झाली." वेळ झाली म्हणे. कसली वेळ, ते नाही.

कुलूप लावलं तर दारावर डोकं आपटतात. गळ्यात घालायचं जीपीएसचं लॉकेट आणलं होतं, ते खाडीला अर्पण केलं. आता दीपेशनं मोबाईलवर बघितलंय की अंधारात दिसणारी यंत्रं मिळतात. दोन जाती आहेत म्हणे. एकात काळोखातलं दिसतं, दुसऱ्यात अंगाची ऊब दिसते. तीस हजारांच्या वर जायचं नाही, घराचे हप्ते चालू आहेत. म्हणजे दोन्ही घेणं काही जमणार नाही. तुम्ही रात्री गच्चीवरून घुबडं बघता, तुम्हाला कळेल. कोणतं घेऊ?

सौ. चंद्रावती


॥ श्री ॥
मिरज,
१४ एप्रिल २०२५

सौ. चंद्रावती वहिनींना कृष्णकांतचा सप्रेम नमस्कार.

"छान छान" बद्दल क्षमा. माझ्या कानातलं यंत्र वाईट बातम्या गाळून टाकतं.

महादेवाचं वाचलं. अंथरुणात पडल्या पडल्या ज्याला कळायचं की पाणी बांधाला कुठं टेकलंय, तो माणूस! असो. विचारलंत त्याचं उत्तर देतो.

पहिलं यंत्र, नाइट व्हिजन. ते डोळ्यासारखंच असतं, फक्त हावरट. असेल नसेल तो उजेड गोळा करतं, आणि मिट्ट काळोख असेल तर आपल्याला न दिसणारा प्रकाश स्वतः टाकतं. वसुंधरा गेल्यावर एकट्या घरात माझी झोप उडाली, तेव्हा लेकानं, सुशांतनं, मला तेच आणून दिलं. त्यात घुबडाच्या भुवया मोजता येतात. माणसाचा चेहरा स्पष्ट दिसतो. पण मधे पानं आली की पानंच चमकतात, आणि धुकं किंवा पाऊस असला की पुढं नुसतं पांढरं.

दुसरं थर्मल. त्याला उजेडाशी देणंघेणं नाही. जे गरम ते उजळ, जे गार ते काळं. झाडीच्या फटीतून माणसाचा हात जरी दिसला तरी ठिपका उमटतो. चेहरा मात्र दिसत नाही. नाक नाही, डोळे नाहीत, माणसाच्या आकाराची नुसती ऊब. तुमच्या पैशांत मोबाईलला जोडायचं लहानसं मिळेल, त्याची धाव हाकेच्या अंतरापर्यंत.

तुमच्याकडं तिवरं आहेत, पुढं पावसाळा आहे. थर्मल घ्या. यात फार विचार करण्यासारखं काही नाही.

आपला,
कृष्णकांत


॥ श्री ॥
कामोठे,
२४ एप्रिल २०२५

गुरुजींना नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. मला पहिलं हवं. चेहऱ्याचं.

तुम्ही म्हणाल, बाई हट्टी आहे. पण ऐका. मागच्या महिन्यात पांढरी टोपी बघून मी बांधावरून एका माणसाच्या मागं मागं गेले. "अहो थांबा, अहो थांबा" करत. तो जोरात चालायला लागला, मीही जोरात. शेवटी तो वळला तर पलीकडच्या इमारतीचा वॉचमन, हातात डबा. बिचारा बसायला निघाला होता. आमची सून दिपिका अजून त्यावरून हसते. नुसती ऊब दिसून काय करू? ऊब काय, कुत्र्यालाही असते आणि वॉचमनलाही.

यांचं जाणं तर आता वेळी-अवेळी झालंय. हनुमान जयंतीला भर दुपारी ताटावरून उठले, हात खरकटा तसाच. दिवस-रात्र कळेनाशी झाली असं डॉक्टर म्हणाले.

माणूस शोधायचा तर त्याचं तोंड दिसायला नको? दुसरं काही कारण नाही.

सौ. चंद्रावती


॥ श्री ॥
मिरज,
२ मे २०२५

सौ. वहिनींना नमस्कार.

वॉचमनचं वाचून हसलो, पण मुद्दा सोडत नाही. ओळख जवळ गेल्यावर पटवता येते. आधी जिवंत माणूस कुठं आहे ते कळलं पाहिजे. चेहऱ्याच्या नादात तो तिवरांत पडून राहिला तर काय कराल? हट्ट सोडा. मी दीपेशला मोबाईलवर सगळं कळवलं आहे, त्याला पटलंय. तो मागवतो आहे.

कृष्णकांत


॥ श्री ॥
कामोठे,
९ मे २०२५

गुरुजींना नमस्कार.

यंत्र आलं. मी तुम्हाला विचारलं आणि तुम्ही परस्पर माझ्या मुलाला कळवलंत. बाईनं विचारायचं आणि पुरुषांनी आपापसांत ठरवायचं, ही आपली जुनीच रीत. राग आला होता, आता सांगून टाकला.

सोमवारी दिवेलागणीला हे पुन्हा गेले. आम्ही तिघं निघालो. दीपेश यंत्र लावलेला मोबाईल समोर धरून पुढं, मागं प्रितेश, त्याच्या मागं मी पदर खोचून. जुन्या गावाजवळ आल्यावर दीपेश ओरडला, "आई, दिसले! बसलेत!" मीही पाहिलं. भरावाच्या कडेला पांढरंशुभ्र काहीतरी, माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसावा एवढं. आम्ही चिखलातून धावलो.

तो गावदेवीचा चौथरा होता. देवी नेली, देऊळ पाडलं, पण चौथऱ्याचा एक कोपरा भरावातून वर राहिलाय. दिवसभराचं ऊन पिऊन बसला होता. मी हात लावला तर ताप आलेल्या अंगासारखा लागला. दीपेश आधी हसला. मग त्याच दगडावर बसला आणि लहानपणी रडायचा तसा रडला. हे तोवर प्रितेशला बांधाच्या दुसऱ्या अंगाला सापडले होते.

आता खरं सांगते. माझं कारण वॉचमन नव्हतं.

घरात हे माझ्याकडं परक्यासारखं बघतात. मी भाकरी वाढते तर म्हणतात, "बाय, तू कोनाची?" दोन वर्षं झाली, माझं नाव यांच्या तोंडून निघालं नव्हतं. पण फेब्रुवारीत पहिल्यांदा गेले तेव्हा मागं मी एकटीच होते. बांधावर गाठलं आणि बॅटरी तोंडावर धरली. गुरुजी, तो चेहरा! लग्नात अंतरपाट सरला तेव्हा जो दिसला होता, तो. मला बघून म्हणाले, "चंद्रे, तू कनाला आयलीस? पानी वारतंय, घरा जा." पाणी वाढतंय म्हणून मला घरी पाठवत होते. एवढंच. बॅटरीच्या उजेडानं डोळे दिपले, बावरले, आणि तो चेहरा गेला. मला खरंच वाटतं की बॅटरी धरून मीच तो घालवला.

म्हणून मला असं यंत्र हवं होतं की यांना कळू न देता, लांबून, तो चेहरा बघता येईल. शोधायला पोरं आहेत. मला बघायचं होतं.

सौ. चंद्रावती


॥ श्री ॥
मिरज,
१९ मे २०२५

सौ. चंद्रावती वहिनींना कृष्णकांतचा नमस्कार.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी जेवलो नाही. आयुष्यभर मुलांना सांगत आलो की प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा. मी तुमचा प्रश्नच वाचला नव्हता. परस्पर दीपेशला कळवलं तेही चुकलंच.

सोबत माझं नाइट व्हिजन पाठवतो आहे. घुबडांना मी दिसलो नाही तर ती काही उपाशी राहणार नाहीत.

आता दुसरं. "येल झाली" हे शब्द माझ्या डोक्यातून जाईनात. मग कॅलेंडर काढलं. रामनवमीचा आदला दिवस म्हणजे अष्टमी. तुम्ही लिहिलेला तो सोमवार, तीही अष्टमी. हनुमान जयंती म्हणजे पौर्णिमा. वहिनी, अष्टमीला भरती दिवेलागणीला असते, आणि पौर्णिमा-अवसेला भर दुपारी. महादेवाला दिवस-रात्र कळतं. आपल्याला भरती कळेनाशी झाली आहे.

तो घरी जातच नाही. तो उघाडी लावायला जातो. आठवतं? खाडीच्या बांधाला ते दार होतं, ओहोटीला उघडून शेतातलं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीच्या आत खाचेत फळी घालून बंद करायचं, नाहीतर गाव बुडायचं. गावानं ते काम महादेवाच्या घरावर सोपवलं होतं. एकदा श्रावणातल्या उधाणाला तो माझ्या शेजारी जेवायला बसला होता, अर्ध्या ताटावरून उठला. मी म्हटलं, अरे भात तरी संपव. तर म्हणाला, "येल झाली गुरुजी, गाव बुरंल." बाकी सगळं पुसलं गेलं आणि एवढंच राहिलं त्याच्याजवळ.

आषाढातली अवस जपा. दिव्यांची अवस. वर्षातली मोठी उधाणं तेव्हाच, आणि तीही भर दुपारी. त्या दिवशी दाराशी माणूस बसवा.

कृष्णकांत


॥ श्री ॥
कामोठे,
१६ जुलै २०२५

गुरुजींना नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. तुमचं यंत्र सुखरूप पोचलं. पाऊस लागण्याआधी दोनदा गच्चीवरून लावून पाहिलं, रस्त्यापलीकडं भाजीवाल्या सुनीताच्या नाकातली मोरणी दिसली. पण हे त्या दिवसांत ज्वरानं पडून होते, आणि हे उठले तेव्हा पाऊस लागला. आता त्यात तुम्ही म्हणाला होतात तसं नुसतं पांढरं. एक पावसात आंधळं, दुसऱ्याला चेहऱ्याची ओळख नाही. दोन्ही यंत्रं कपाटात एकमेकांना सोबत.

तुमच्या भरतीचं मात्र खरं निघालं. मी सगळ्या तिथ्या पडताळून पाहिल्या. आणि शरम वाटली. खाडीच्या तोंडावर जन्मलेली मी, वाऱ्यावरून पाणी ओळखायची. आता मला पाठ आहे ती टाकीत पाणी सोडायची वेळ. या घरात भरती फक्त यांना येते, आणि आम्ही त्याला आजार म्हणतो.

दिव्यांची अवस पुढच्या गुरुवारी, २४ तारखेला. दाराशी माणूस बसवणार नाही. मी यांच्याबरोबर जाणार आहे. दुपारचा उजेड असेल, बॅटरी नको आणि यंत्र नको. दीपेश कामावर, दिपिका माहेरी. एकदा यांना त्यांचं काम करू दे. अडवून अडवून आम्ही यांना दमवलंय. हे फार दिवसांचे सोबती नाहीत, मला कळतं.

दीपेशला सांगू नका. तुमच्यावर विश्वास ठेवून लिहिलंय.

सौ. चंद्रावती


॥ श्री ॥
मिरज,
२० जुलै २०२५

सौ. वहिनींना नमस्कार.

हे स्पीड पोस्टानं पाठवतो आहे, वेळेत मिळावं.

जाऊ नका. पाऊस आहे, त्याची छाती नाजूक, तुमचे गुडघे दुखरे. दीपेशला कळवायला मोबाईल हातात घेतला, अर्धा मजकूर लिहिला आणि पुसला. एकदा तुम्हाला डावलून चूक केली, दुसऱ्यांदा धजावत नाही. माझं हे गप्प बसणं बरोबर की चूक, मला माहीत नाही.

गेलातच तर कोरडे कपडे न्या. त्याचा हात सोडू नका. पाणी चढायच्या आत मागं फिरा.

कृष्णकांत


कामोठे,
२१ ऑगस्ट २०२५

गुरुजी,

वर श्री नाही, त्यावरून तुम्हाला समजलं असेल. परवा तेरावं झालं. दीपेशनं तुम्हाला मोबाईलवर कळवतो म्हटलं होतं, मीच थांबवलं. तुम्हाला माझ्या हातून कळावं असं वाटलं.

तुमचं पत्र आदल्या दिवशीच मिळालं होतं. तरी गेले.

अवसेला सकाळी दिवे घासले, पाटावर मांडले, कणकेचे केले, पूजा केली. हे शेजारी बसून निमूट बघत होते. जरा ऊन पडलं होतं. मग एकदम उठले. "येल झाली." मी दिवे उचलून ओट्यावर ठेवले आणि तो पाट पदराखाली घेतला. का घेतला, ते तेव्हा मलाही नीट कळलं नव्हतं.

यांचा हात धरायची वेळच आली नाही. घरात मोरीपर्यंत जाताना अडखळणारा माणूस बांधावर असा चालत होता की मीच मागं पडत होते. उघाडीची जागा भरावाच्या पलीकडं अजून आहे, तुम्हाला ठाऊक नसेल. दार गेलंय, पण दोन्ही बाजूंचे दगडी खांब उभे आहेत आणि त्यांतली खाच शाबूत आहे. पाणी आत यायला लागलं होतं. हे उतरले, कमरेएवढ्या पाण्यात. खाचेत हात घालून चाचपलं, इकडंतिकडं पाहिलं आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "चंद्रे, फली दे."

गुरुजी, भर दुपार होती. मी डोळे भरून बघितला तो चेहरा. आणि मग पाट दिला.

यांनी तो खाचेत उतरवला. थोडा अरुंद होता, पाणी बाजूनं येतच होतं. पण यांनी वरून दोन्ही हातांनी दाबला, कान लावून ऐकलं आणि म्हणाले, "लागली. आता गाव निजंल." समोर भरावाचं सपाट मैदान होतं. गाव कुठलं! मी म्हटलं, "होय, निजंल." मग हे बाहेर आले, माझा पदर घेऊन हात पुसले आणि तिथंच बांधावर बसून घरच्यासारख्या गप्पा मारल्या. म्हैस कधी व्यायची, दीपेशला शाळेत घालायचा की नाही, आणि "मास्तराला मासली नेऊन दे, एकला र्‍हातंय." तुम्हाला मासळी द्यायची राहिली, ती अशी तेव्हापासूनची.

परत येताना पावसानं गाठलं. कपडे नेले होते, तेही भिजले. दाराशी आल्यावर यांनी मला विचारलं, "बाय, हे घर कोनाचा?"

पुढचं काय लिहू. ताप आला, छातीत पाणी झालं. दवाखान्यात ठेवलं, मग डॉक्टरच म्हणाले घरी न्या. दीपेश एकदाच बोलला, "आई, तू नेलंस त्यांना." त्याचं चुकलं नाही. मी नेलं नसतं तर आणखी वर्षभर राहिले असते, कदाचित दोन. दाराला डोकं आपटत राहिले असते. मी रोज दोन्ही पारड्यांत घालून बघते आणि रोज रडते. तुम्ही स्वतःला बोल लावून घेऊ नका. तुम्ही जाऊ नका म्हणाला होतात.

गेले ते पहाटे, झोपेतच. माझा हात यांच्या छातीवर होता. उजाडल्यावर भावकीतली माणसं आली, यांना उचलून आंघोळीला बाहेर नेलं. खोलीत मी एकटी राहिले. यंत्र लावलेला मोबाईल फडताळावर होता, दवाखान्यातून आणल्यापासून मी रात्री त्यानं यांचे पाय गार पडले का ते बघायची. सवयीनं उचलला आणि रिकाम्या गादीवर धरला.

हे निजलेले होते, गुरुजी. खांदे, कुशीवर वळलेली पाठ, पोटाशी घेतलेले गुडघे. सगळं पांढरं, उजळ, जसंच्या तसं. तुम्ही म्हणाला होतात त्यात चेहरा दिसत नाही. नव्हताच चेहरा. मला तो लागलाही नाही, चेहरा मी अवसेला बघून घेतला होता. आधी पावलं काळी झाली, मग गुडघे, मग खांदे. छातीची जागा सगळ्यांत शेवटी राहिली.

दीपेश मला बोलवायला आला होता. तो केव्हा मागं येऊन उभा राहिला ते कळलं नाही. माझ्या खांद्यावरून तोही बघत होता. छातीचीही जागा काळी झाली तेव्हा तो पुढं झाला, वाकला आणि त्या जागी आपला हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग उचलला. पडद्यावर पंजा उमटला, यांच्याएवढाच मोठा, उजळ.

तो विझेपर्यंत आम्ही दोघं बघत होतो.

तुमचं नाइट व्हिजन प्रितेशच्या हाती पाठवते आहे. घुबडं बघा. दुसरं इथंच राहू दे असं दीपेश म्हणाला.

चंद्रावती